भामरे की पाटील? खानदेशातल्या आडनावाचा माग कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा: मूळ गाव शिंदखेडा तालुक्यात. वडिलांपासून आडनाव भामरे, पण पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर पाटील. काका सांगतात की आपण राजस्थानातून आलो, मूळचे राजपूत. एकाने लिहून पाठवलंय की भामरे म्हणजे ‘भ्रमर’, भुंगा. दुसऱ्याने भामेर किल्ल्याचं नाव घेतलंय. त्यातच ओळखीचे एक सोनारही भामरेच निघाले. मग आपण नेमके कोण, आणि आडनावाचा अर्थ काय?

मोडी कागद आणि जमिनीचे जुने दस्त वाचण्याच्या कामात असे प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात. त्यात खानदेशातल्या घरांची एक खास अडचण असते, तिच्याकडे पुढे येतोच. आधी उत्तर सांगतो: भामरे हे गावावरून पडलेलं आडनाव आहे आणि ते गाव भामेर. साक्री तालुक्यात, निजामपूरजवळ. डोंगरात कोरलेल्या खोल्या, टाकी, पडके दरवाजे आजही तिथे बघायला मिळतात. सुरतेकडून बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवरचं ते ठाणं होतं, म्हणजे एकेकाळी नांदतं, पेठ असलेलं गाव.

भुंग्याची व्युत्पत्ती का नाही पटत ते सांगतो, कारण अशा व्युत्पत्त्या सध्या फार फिरतात. संस्कृत शब्द मराठीत येताना त्याची झीज ठरावीक वाटेने होते. ‘भ्रमर’चं मराठीत झालं भवरा, भोवरा. मधला ‘म’ टिकला नाही. भुंग्यावरून आडनाव पडलंच असतं तर ते भवरे किंवा भोवरे झालं असतं. शेतकऱ्याच्या घराला कुणी पोथीतला शब्द उचलून आडनाव देत नसे. आडनाव शेजारी देतो, आणि शेजारी त्याच्या बोलीतच बोलतो.

याच मुद्द्यावर बाकीचं सगळं उभं आहे. भामेरात राहणाऱ्याला भामेरात कुणी भामरे म्हणणार नाही. तिथे सगळेच भामेरचे. माणूस भामेर सोडून दुसऱ्या गावी वस्तीला गेला, तिथे ‘हा कुठला?’ असं विचारलं गेलं आणि ‘भामेरचा’ हे उत्तर त्याला चिकटलं, की आडनाव झालं. म्हणजे गावावरून पडलेलं आडनाव तुम्ही कुठून निघालात एवढंच सांगतं, आणि ते निघाल्यानंतरचं असतं. नेरकर नेरमध्ये कमी आणि बाहेर जास्त सापडतात ते यामुळेच. शिरूडचे शिरुडे, मालपूरचे मालपुरे, येवल्याचे येवले, दुसाण्याचे दुसाने हीच तऱ्हा. ‘कर’ लावायचा की नुसता ‘ए’ लावायचा, हा त्या त्या समाजाच्या आणि भागाच्या वळणाचा भाग. अर्थ दोन्हीकडे तोच.

सोनार भामरे कसे, हे कोडंही इथेच सुटतं. भामेर सोडून शेतकरी निघाला तसा सोनारही निघाला. दोघांना नव्या गावात एकच नाव मिळालं. दोघांचं रक्त एक, असा त्याचा अर्थ होत नाही आणि एकाने दुसऱ्याचं आडनाव ‘घेतलं’ असाही नाही. खानदेशात अहिरराव, बागुल, मोरे, सोनवणे, पवार ही आडनावं किती समाजांत आहेत ते मोजायला बसलात तर थकाल. सोनवणे मराठ्यांत आहेत, भिल्लांत आहेत, कोळ्यांत आहेत, बौद्धांत आहेत. नुसत्या आडनावावरून जात ओळखू पाहणारा माणूस आमच्याकडे दर दुसऱ्या वेळेला चुकतो, आणि चुकला तर बरंच आहे.

आता पाटील. खानदेशाची खास अडचण म्हणतो ती ही. धुळ्या-जळगावात दगड भिरकावला तर पाटलाला लागतो हे तुम्हीही ऐकलं असेल. पाटील हे मुळात वतन, गावच्या मुलकी कारभाराचं काम. ज्या घराकडे वतन होतं ते घर पाटील, हे ठीक. पण वतनाचे वाटेकरी वाढत गेले, भावकी फुटत गेली आणि पुढे वतनदार घराशी नातं सांगणारा प्रत्येकजण पाटील झाला. काही गावांत तर एका शेतकरी समाजाची सगळी घरंच पाटील. महाराष्ट्रात मुलकी पाटलांची पदं 1962 च्या कायद्याने गेली, पण तोवर पाटील आडनाव म्हणून शाळेच्या रजिस्टरात पक्कं बसलं होतं. चौधरी, महाजन, देशमुख, नाईक यांचीही गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. चौधरी म्हणजे पेठेचा किंवा व्यवसायाचा मुखिया. आज तेली, लेवा, गुजर अशा सगळ्यांत चौधरी आहेत. बहिणाबाई माहेरच्या असोद्याच्या महाजन आणि सासरच्या जळगावच्या चौधरी. दोन्ही नावं मानाच्या कामाची, आणि दोन्हींवरून घराचं मूळ कुळ कळत नाही.

लेवा समाजात हा प्रकार सगळ्यात स्वच्छ दिसतो. यावल, रावेर, भुसावळ पट्ट्यात कागदावर पाटील किंवा चौधरी लिहिणाऱ्या घराला विचारा, ‘कोणते पाटील?’ लगेच खरं कुळ निघतं: भंगाळे, बोंडे, झोपे, फेगडे, फिरके, बेंडाळे, नेहेते, नारखेडे. सोयरिक जुळवताना हेच बघतात, पाटील कुणी बघत नाही. तुमच्या भागात अहिराणीत म्हातारी माणसं पोराला अडवून विचारतात, ‘कोना पोऱ्या शे तू?’ त्याचं उत्तर ‘पाटलांचा’ असं दिलंत तर ती हसतील. उत्तर कुळाचं आणि गावाचं द्यायचं असतं.

तेव्हा पणजोबांच्या दाखल्यावर पाटील आणि वडिलांच्या दाखल्यावर भामरे यात विसंगती काही नाही. मुलाला शाळेत घालायला आलेल्या माणसाला मास्तरांनी विचारलं असेल, आडनाव काय? गाव ज्या नावाने हाक मारत होतं ते त्याने सांगितलं. पुढच्या पिढीत कुणीतरी शहरात नोकरीला गेला, वर्गात तीन पाटील आहेत म्हणून किंवा सोयऱ्यांत भामरे म्हणून ओळख आहे म्हणून मूळ कुळ लिहिलं. उलटंही घडतं: भामरे असलेले घराणं वतनाच्या मानाने पाटील लावू लागतं. तुमच्या घरात नेमकं कोणतं घडलं ते कागद सांगतील, आणि कागद बघायचा क्रमही महत्त्वाचा आहे.

सुरुवात सातबाऱ्यापासून करा, पण आजच्या सातबाऱ्यावर थांबू नका. त्यावर फेरफार क्रमांक गोलात लिहिलेले असतात. प्रत्येक क्रमांक म्हणजे मागे जाण्याची एक पायरी. तो फेरफार काढला की कळतं की अमुक साली अमुक मयत झाला आणि वारस म्हणून अमुक लागले. त्या मयताच्या नावावर जमीन कशी आली, त्याचा फेरफार पुन्हा मागे. असं करत गेलात की विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत, हक्कनोंदणी झाली तोवर, बऱ्याच घरांना सलग जाता येतं. तुम्ही धुळे जिल्ह्यातले, तर जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या ठिकाणी ठेवलेत, घरबसल्या बघता येतात. स्कॅन अंधुक असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल घ्या.

त्यामागे जायचं तर कडईपत्रकासारखे जुने महसुली कागद आणि भूमी अभिलेख कार्यालयातली मूळ मोजणीची कागदपत्रं. खानदेशातल्या या पहिल्या मोजणीला लोकांचा विरोध होता. 1852 मध्ये एरंडोल, सावदा, फैजपूर, यावल भागात त्यावरून मोठा दंगा झाला होता. आपल्या पूर्वजांनी ज्या मोजणीला हाकलून लावायचा प्रयत्न केला, तिच्याच कागदांवर आज आपण त्यांची नावं शोधतो.

या जुन्या कागदांत एक गोष्ट पहिल्यांदा बघणाऱ्याला गोंधळात टाकते. आडनाव बहुतेक वेळा नसतंच. असतं ते असं: ‘दगडू वलद तुकाराम’, ‘भिका बिन उखा’. वलद किंवा बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. बाई असेल तर ‘सखू कोम दगडू’, म्हणजे दगडूची बायको. नाबालिग असेल तर ‘अ. पा. क.’, अज्ञान पालनकर्ता, आणि पुढे आईचं किंवा चुलत्याचं नाव. एकत्र कुटुंबाचा कर्ता असेल तर ‘ए. कु. मॅ.’. ही खूण नीट वाचा, कारण एकट्या मोठ्या भावाचं नाव लागलेलं असतं आणि धाकट्यांची शाखा कागदातून गायब वाटते. आडनाव दिसत नाही म्हणून कागद टाकून देऊ नका. बापाचं नाव, गट किंवा सर्व्हे नंबर आणि गाव एवढ्यावर साखळी जुळते. तुम्हाला शोधायचंय ते नेमकं हेच, की पाटील किंवा भामरे हा शब्द पहिल्यांदा कोणत्या नोंदीत उगवतो.

जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, हा दुसरा धागा. त्यात नाव, बापाचं नाव, जात, तारीख मिळते. मरणाचं कारणही असतं आणि पटकीच्या, प्लेगच्या सालात पानामागून पान एकाच कारणाने भरलेलं दिसतं. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि वर्षानुवर्षं कपाटात पडलेली ही पुस्तकं बाहेर निघाली. तुम्हाला दाखल्याशी कर्तव्य नसलं तरी त्या शोधाचा फायदा घ्या. शाळेचं जनरल रजिस्टर मात्र शाळेतच बघावं लागतं. दाखल्याची नक्कल आणि मूळ रजिस्टर यांत फरक सापडतो, म्हणून शक्य असेल तर मूळ पान बघा.

हे कागद 1950 च्या आधीचे असतील तर बरेच मोडीत निघतील. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि लिहिणारा हात न उचलता लिहीत जातो, त्यामुळे भामेर, भामर, भामरे यांत नवखा वाचक सहज घसरतो. वाचून देणाऱ्याला तुमचं आडनाव आधी सांगू नका, एवढा एक सल्ला. सांगितलंत की त्याला तेच दिसायला लागतं. धुळ्यात मोडी जाणणारी माणसं मिळतात. राजवाडे संशोधन मंडळ तिथेच आहे आणि इतिहासाचार्य राजवाड्यांच्या मागे या शहरात जुन्या कागदांची आस्था टिकून राहिली आहे.

जिल्ह्यांच्या हद्दी लक्षात ठेवा, नाहीतर चुकीच्या कचेरीत दिवस जातील. खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. नंदुरबार तर 1 जुलै 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं. मालेगाव, बागलाण हा पट्टा 1869 मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेला. भामऱ्यांची बरीच घरं त्या बाजूलाही आहेत, म्हणून सांगतो.

आता काकांच्या राजस्थानाकडे येतो. शिंदखेडा तालुक्यात राहून ही गोष्ट ऐकली नसती तरच नवल. शेजारी गिरासे आहेत, दोंडाईच्याचे रावळ आहेत, आणि राजपूत घराण्यांचा तिथे मोठा मान. गिरासे हे नावच मुळात ‘गिरास’ या हक्कावरून आलंय. गुजरात-खानदेशच्या सीमेवर राजपूत ठाकूर गावांकडून जो वाटा घेत त्याला गिरास म्हणत. अशा शेजारात राहणाऱ्या प्रत्येक घराला आपण कधीतरी मेवाडातून निघालो असं वाटू लागतं. घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्या भाटांनी ते पक्कं केलं. भाटाच्या वहीबद्दल माझं मत ठाम आहे: तुमच्या पणजोबांपासून वर पाच-सहा पिढ्यांची नावं, गावं, कोण कुठे वस्तीला गेलं, हे ती वही बऱ्यापैकी खरं सांगते, कारण भाट दर काही वर्षांनी येऊन दक्षिणा घेऊन नवी नावं चढवत असे. त्याच्यावरचा भाग, जिथे एकदम राणा आणि सूर्यवंश सुरू होतो, तो यजमानाला खूश करायचा भाग. खालचा उतरवून घ्या, वरचा ऐकून घ्या.

याचा अर्थ खानदेशातल्या आडनावांना जुना राजवंश कधीच मागे नसतो असं नाही. चाळीसगाव तालुक्यातच दोन उत्तम उदाहरणं आहेत. पाटणला निकुंभ घराण्याच्या काळातला शिलालेख आहे, शके 1128 चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ती नोंद. आणि वाघळीला शके 991 चा लेख आहे, त्यात मौर्य म्हणवणाऱ्या गोविंदराज या मांडलिकाचं नाव येतं. निकम आणि मोरे या आडनावांची गाठ या घराण्यांशी बांधली जाते आणि उच्चाराच्या झिजेत ती बसतेही. पण निकुंभ राजा या मातीत होता हे सिद्ध झालं म्हणून आजचा प्रत्येक निकम त्याचा वंशज ठरत नाही. राजाची रयत, त्याचे शिपाई, त्याच्या गावातून निघालेले लोक, सगळ्यांना ते नाव चिकटू शकतं. भामेरला अहिर राजाची राजधानी सांगतात, तिथूनही हाच मोह होईल. आवरा.

‘आम्ही बाहेरून आलो’ ही आठवण मात्र पूर्ण खोटी नसते. तिचं अंतर आणि काळ चुकलेला असतो. 1803 च्या आसपास होळकर-पेंढाऱ्यांच्या धामधुमीत आणि दुष्काळात खानदेशची गावंच्या गावं ओस पडली होती. 1818 मध्ये इंग्रजी अंमल आला, 1825 मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, मुलूख हळूहळू शांत झाला आणि पडीक जमिनी लागवडीला आणण्यासाठी चहूकडून लोक येऊन वसले. गुजरातेतून, निमाडातून, वऱ्हाडातून, आणि खानदेशातल्याच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. तुमचं घर भामेरहून शिंदखेड्याकडे सरकलं असेल तर ते या उलथापालथीत, किंवा तिच्या आधीच्या एखाद्या दुष्काळात. बैलगाडीने दोन दिवसांची वाट. पण पणजीने ‘आपण तिकडून आलो’ म्हणून सांगितलेलं ‘तिकडे’ तीन पिढ्यांत चितोडपर्यंत पोहोचतं.

कागदांइतकाच भरवशाचा एक पुरावा तुमच्या घरातच आहे आणि तो बायांच्या हाती आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातल्या घरांत कानबाई ही देवी बसते. तुमच्याकडे बसत असेल तर रोटाचा, म्हणजे तिच्या नैवेद्याचा, हिशेब विचारा. गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीने मोजून घेतात, आणि ते रोट भाऊबंदांशिवाय कुणी खात नाही. कोणत्या गावची कोणती घरं तुमच्या रोटाला येतात किंवा पूर्वी येत होती, त्यांची यादी करा. त्यात पाटील लावणारे निघतील, भामरे लावणारे निघतील, कदाचित तिसरंच काही लावणारेही निघतील. रोट एक असेल तर कुळ एक. आडनाव काहीही असो. त्याच्या जोडीला सुतक कुणाचं धरता, लग्नात देवक कोणतं ठेवता, कुलदेवीला कुठे जाता, हे विचारा: धुळ्याची एकवीरा, धनदाई, पाटणादेवी, की सप्तशृंगी. कुलदेवी बदलायला घराणी सहसा धजावत नाहीत, आडनाव बदलतात. राजस्थानातून आलेल्या घराचा एखादा तरी नवस, एखादं तरी ठाणं तिकडे उरलेलं असतं. तुमच्याकडे तसं काही नसेल तर काकांना तेच विचारा.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्याही बघण्यासारख्या. श्राद्धाला, नारायण नागबळीला गेलेल्या पूर्वजांनी आपली नावं, भाऊ, मुलं तिथे लिहवून ठेवलेली असतात. तिथे गाव आधी विचारतात, आडनाव नंतर, हे मला फार आवडतं. शिंदखेड्याचं गाव सांगून सापडलं नाही तर भामेर सांगून बघा.

सातपुड्यातल्या वाचकांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तिथे कागदावर आडनाव म्हणून जमातीचंच नाव लिहिलेलं सर्रास दिसतं: पावरा, बारेला, भिल. ते शाळेत किंवा कचेरीत कुणीतरी लिहून टाकलेलं. घरात कुळ वेगळं असतं, डुडवे, वास्कले, जमरे असं. तडवी हे गावप्रमुखाच्या कामाचं नाव. वळवी, पाडवी, वसावे ही मात्र कुळंच. तिथे शोध कागदाने कमी आणि कुळाच्या सोयरिकीने जास्त लागतो.

तुमच्याकडे परत येतो. पुढचं पाऊल असं ठेवा: पणजोबांच्या नावावरचा सर्वात जुना फेरफार काढा आणि त्यात पणजोबांच्या बापाचं नाव मिळवा. मग त्याच गावातल्या पाटील लावणाऱ्या एखाद्या घराच्या फेरफारात तेच नाव सापडतं का बघा. सापडलं तर दोन शाखा कोणत्या पिढीत वेगळ्या झाल्या ते तिथेच कळेल. आडनाव कागदोपत्री बदलून सरसकट भामरे करायचा विचार असेल तर तो राजपत्राने होतो, पण हे काम संपेपर्यंत करू नका. मधेच बदललेलं नाव जातपडताळणीत आणि वारसनोंदीत विनाकारण खुलासे मागतं. काकांकडे भाटाच्या वहीची उतरलेली प्रत असेल तर तिचे फोटो पाठवा, खालच्या पिढ्यांचे तेवढे.